बहुरूप्याचा कान

१९४८ साल. बीबीसीचे निर्माते रॉय स्पीअर यांच्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडून केनेथ हॉर्न बोलत होते. हॉर्न म्हणजे त्या काळी रेडिओमुळे इंग्लंडच्या घराघरात पोचलेलं नाव. त्यांचा फोन म्हटल्यावर कुठलाही निर्माता कामं बाजूला ठेवणार. हॉर्न एका नव्या पोराची शिफारस करत होते: मुलगा फार गुणी आहे, त्याला एकदा ऐका. मध्येच त्यांचे जोडीदार रिचर्ड मर्डॉक यांचाही आवाज आला आणि तेही त्याच पोराचे गोडवे गाऊ लागले. थोड्याच वेळात बोलणाऱ्याचा धीर सुटला. हॉर्नही मीच, मर्डॉकही मीच आणि ज्याची शिफारस चालली आहे तो पीटर सेलर्सही मीच, असं त्याने कबूल करून टाकलं. स्पीअर भडकले, पण पोराला काम मिळालं.

सेलर्सबद्दल लिहिणारे बहुतेक जण हा किस्सा त्याच्या धिटाईचा म्हणून सांगतात. मला त्यात धिटाईच्या शेजारी संकोचही दिसतो. बावीस वर्षांच्या त्या मुलाला 'मी चांगला नट आहे, मला काम द्या' हे स्वतःच्या आवाजात म्हणता आलं नाही. दुसऱ्याचा आवाज घशात बसला तेव्हाच त्याला धीर आला. पुढची बत्तीस वर्षं हे असंच चाललं. 'द पिंक पँथर'मधला इन्स्पेक्टर क्लूझो, 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'मधली तीन माणसं, 'द पार्टी'मधला हृंदी बक्षी, 'बीइंग देअर'मधला माळी: एवढी माणसं त्याने उभी केली आणि वर जगाला ठासून सांगत राहिला, की मला स्वतःचं असं काही व्यक्तिमत्त्व नाही, आत डोकावलंत तर तिथे कोणी सापडणार नाही. जगाने ते खरं मानलं. गेली कित्येक वर्षं मी सेलर्सचे चित्रपट पाहतो आहे, त्याच्याविषयी मिळेल ते वाचतो आहे, आणि त्याचं हे म्हणणं मला जास्त जास्त खोटं वाटत चाललं आहे. एवढंच नव्हे, तर त्याच्या सगळ्या सोंगांत हेच सोंग त्याला सर्वांत प्रिय होतं, असं मला वाटतं.

त्याचा जन्म ८ सप्टेंबर १९२५चा, पोर्ट्समथजवळच्या साउथसीचा. कागदोपत्री नाव रिचर्ड हेन्री. पण आईवडिलांचं आधीचं मूल जन्मतःच गेलं होतं, त्याचं नाव पीटर होतं, आणि याला घरात त्याच नावाने हाक मारायला लागले. घर म्हणजे तरी काय, आज या गावात तर उद्या त्या गावात. आजीची फिरती नाटक कंपनी, आई पेग त्याच कंपनीतली नटी, वडील बिल पियानो वाजवणारे. पेग ज्यू होती. अठराव्या शतकातला नामांकित मुष्टियोद्धा डॅनियल मेंडोझा हा तिचा पूर्वज, आणि या पूर्वजाचा सेलर्सला आयुष्यभर अभिमान होता. शाळा मात्र कॅथलिक. ज्यू आईचा, ख्रिस्ती बापाचा, कॅथलिक शाळेतला, मेलेल्या भावाचं नाव लावणारा एकुलता मुलगा. पेगने त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. तो मागेल ते द्यायचं, तो रुसला तर जग चुकलं असं समजायचं. माणसाच्या घडणीची सगळी कारणं बालपणात शोधायची मला सवय नाही, पण या लाडाचा हिशेब पुढे चार बायकांना आणि तीन मुलांना चुकता करावा लागला, हे खरं.

दुसऱ्या महायुद्धात तो हवाई दलात गेला. डोळ्यांनी दगा दिल्यामुळे वैमानिक होणं जमलं नाही; मग सैनिकांची करमणूक करणाऱ्या राल्फ रीडरच्या 'गँग शो'त तो ड्रम वाजवू लागला, नकला करू लागला. त्या पथकाबरोबर तो हिंदुस्थान, सिलोन आणि ब्रह्मदेश फिरला. कंटाळा आला की अधिकाऱ्याचा गणवेश चढवायचा, मिशा चिकटवायच्या आणि साहेबांच्या मेसमध्ये शिरून रुबाबात गप्पा ठोकायच्या, हे उद्योग तो पुढे स्वतःच रंगवून सांगायचा. कधी वयस्क ब्रिटिश अधिकारी, कधी शीख अधिकारी. पकडला गेला असता तर लष्करी शिक्षा होती. आपल्याकडे बहुरूपी येतो तो पोलिसाचा पोशाख करून दारात दम देतो, सगळी आळी हसायला लागली की बिदागी घेऊन पुढे जातो, आणि संध्याकाळी आपल्या पालावर पोशाख उतरवून पोराबाळांत बसतो. सेलर्सचं सोंग बहुरूप्याच्या तोडीचं होतं. पोशाख उतरवून बसायची जागा मात्र त्याला कधी सापडली नाही.

हिंदुस्थानात त्याच्या कानात आपली बोलण्याची ढब शिरली ती कायमची. युद्धानंतर लंडनमध्ये त्याला जो जिवाभावाचा मित्र भेटला, त्याची नाळ तर थेट आपल्याकडे पुरलेली. स्पाइक मिलिगन १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला जन्मला. वडील ब्रिटिश लष्करात, त्यामुळे पोराचं लहानपण पुण्याच्या छावणीत आणि पुढे रंगूनला गेलं. मिलिगन, सेलर्स, वेल्सचा गाणारा हॅरी सेकंब आणि सुरुवातीला मायकल बेंटीन या चौघांनी १९५१ साली बीबीसीवर जो कार्यक्रम सुरू केला, तो 'द गून शो' म्हणून गाजला आणि १९६०पर्यंत चालला. युद्धातून परतलेल्या, शिस्तीला आणि साहेबी थाटाला विटलेल्या पोरांनी साम्राज्याची टर उडवली होती. लिहायचा मुख्यतः मिलिगन, आणि त्या लेखनाला गळे द्यायचा सेलर्स. एकाच भागात तो भित्रा मेजर व्हायचा, खानदानी लफंगा व्हायचा, थरथरता म्हातारा व्हायचा आणि चिरक्या आवाजाचा शाळकरी पोरगाही व्हायचा. लालकाका आणि बॅनर्जी नावाची दोन हिंदी पात्रंही त्यात अधूनमधून उगवायची. मायक्रोफोनसमोर शरीर लागत नाही, चेहरा लागत नाही. फक्त कान लागतो आणि गळा लागतो. सेलर्सला सगळ्यांत सुखाची जागा तीच होती, असं त्याने अनेकदा बोलून दाखवलं आहे.

कान आधी आणि गळा नंतर, असा क्रम मी मुद्दाम लावतो. नकलाकाराच्या गळ्याचं आपण कौतुक करतो, पण त्याची खरी विद्या कानात असते. समोरचा माणूस कुठे अडखळतो, कुठल्या शब्दावर नको इतका जोर देतो, वाक्य संपवताना त्याचा धीर कुठे ओसरतो, हे ज्याला ऐकू येतं तोच त्या माणसाला पुन्हा उभा करू शकतो. सेलर्स भूमिकेचा आवाज सापडेपर्यंत काही करायचा नाही. आवाज मिळाला की चाल मिळायची, चाल मिळाली की चेहरा. १९५९च्या 'आय अ‍ॅम ऑल राइट, जॅक' या चित्रपटात त्याला फ्रेड काइट या कामगार पुढाऱ्याची भूमिका देऊ केली, तेव्हा यात हसण्यासारखं काय आहे म्हणून तो ती नाकारत होता. शेवटी तोकडा, घट्ट सूट घालून, केस भादरून, ओठांवर मिशांची रेघ घेऊन तो चाचणीसाठी कॅमेऱ्यासमोर आला आणि सेटवरचे कामगार पोट धरून हसू लागले. त्यांनी असला माणूस रोज पाहिला होता: मोठमोठे शब्द वापरायची हौस असलेला, त्यांतले निम्मे चुकवणारा, आणि तरी मनापासून आपल्या माणसांसाठी भांडणारा. सेलर्सच्या काइटमध्ये टवाळी आहे, पण काइटची बायको घर सोडून जाते तेव्हा त्या मोकळ्या घरातला त्याचा ओशाळलेला चेहरा पाहताना हसू जिरून जातं. या भूमिकेला ब्रिटनचा सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. नक्कल करणाऱ्याला माणसाची खोड दिसते. सेलर्सला तिच्यामागची इभ्रत दिसायची.

क्लूझोचं मर्मही हेच. ही भूमिका खरं तर पीटर उस्टिनॉव्ह करणार होते. त्यांनी ऐन वेळी अंग काढून घेतलं आणि ती सेलर्सकडे आली. ब्लेक एडवर्ड्सच्या १९६३च्या मूळ चित्रपटात नायक डेव्हिड निव्हन होता. पण पडद्यावर क्लूझो आला की नजर दुसरीकडे जाईना. कारण सोपं आहे: क्लूझो पडतो, झडतो, दारात अडकतो, फिरत्या पृथ्वीगोलावर हात टेकवून आपटतो, पण आपण वेंधळे आहोत हे एका क्षणासाठीही मान्य करत नाही. उठतो, कोट झटकतो आणि तपास पुढे चालू. काड्यापेटीवर इंग्लिश खाडी पोहणाऱ्या कॅप्टन वेबचं चित्र असायचं. त्या मिशाळ, ताठ पुरुषी चेहऱ्यावरून आपल्याला क्लूझोची ऐट सुचली, असं सेलर्स सांगायचा. आपलं हसं होतं आहे हे ज्याला कळतं तो विदूषक. क्लूझोला ते कळत नाही म्हणून तो आपल्यातला वाटतो.

'डॉ. स्ट्रेंजलव्ह' १९६४चा. घटस्फोटाच्या भानगडीमुळे सेलर्सला इंग्लंड सोडता येत नव्हतं, म्हणून स्टॅनली कुब्रिकने हा अमेरिकेचा चित्रपट लंडनजवळच्या शेपर्टन स्टुडिओत उभा केला. सेलर्सने तीन भूमिका केल्या: ब्रिटिश अधिकारी मँड्रेक, अमेरिकेचे अध्यक्ष मफली आणि चाकाच्या खुर्चीतला जर्मन शास्त्रज्ञ स्ट्रेंजलव्ह. विमानातल्या टेक्सन मेजरची चौथी भूमिकाही त्याच्याकडेच होती, पण टेक्ससचा उच्चार मनासारखा बसेना, त्यात पायाला दुखापत झाली आणि ती स्लिम पिकन्सकडे गेली. स्ट्रेंजलव्हचा बंड करून उठणारा हात सगळ्यांना आठवतो. माझ्या मनात मात्र अध्यक्ष मफली राहिला आहे. सेलर्सने तो आधी सर्दीने बेजार, फुसक्या माणसासारखा रंगवला होता आणि सेटवर कुणाला हसू आवरत नव्हतं. कुब्रिकने ते काढून टाकायला लावलं. राहिला तो एक सरळ, समजूतदार, टकला गृहस्थ, जो रशियाच्या पंतप्रधानांना फोनवर हळूहळू, लहान मुलाला समजवावं तसं सांगतो, की आमच्या एका माणसाने तुमच्यावर अणुबॉम्ब टाकायला विमानं पाठवली आहेत. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. फक्त सेलर्स ऐकताना दिसतो, आणि त्याच्या ऐकण्यातून पलीकडचा रुसलेला, झिंगलेला माणूस आपल्यासमोर उभा राहतो. ऐकण्याचा याहून मोठा अभिनय मी पाहिलेला नाही.

एवढा तल्लख कान असलेला माणूस आपल्या घरात बहिरा कसा झाला, हा प्रश्न मला सोडत नाही.

त्याच्या विक्षिप्तपणाच्या कथा तशा गमतीच्या आहेत. गाड्यांचं वेड इतकं, की नवी गाडी आठवड्यात जुनी व्हायची. काही वर्षांत डझनांनी गाड्या आल्या आणि गेल्या. कॅमेरे, टेपरेकॉर्डर, विजेवरची खेळणी, जे नवं बाजारात येईल ते घरात यायलाच हवं. हिरव्या रंगाचं त्याला भय. जांभळ्याचं तर 'आफ्टर द फॉक्स'च्या वेळी दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिकाकडून लागलेलं. हे रंग कुणी घालून आलं की सेटवर खोळंबा. मॉरिस वुडरफ नावाच्या भविष्यवेत्त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. 'बी' आणि 'ई' या आद्याक्षरांचं माणूस तुझ्या आयुष्यात महत्त्वाचं ठरेल, असं भविष्य निर्मात्यांनी वुडरफकडून त्याला सांगवलं. त्यांना अभिप्रेत होता ब्लेक एडवर्ड्स, पण सेलर्सला भेटली ब्रिट एकलंड, आणि ओळख झाल्यावर काही दिवसांतच, फेब्रुवारी १९६४मध्ये, त्याने तिच्याशी लग्न केलं, असा किस्सा सांगितला जातो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हॉलिवूडमध्ये बिली वाइल्डरचा चित्रपट चालू असताना त्याला काही तासांत एकापाठोपाठ एक असे आठ हृदयविकाराचे झटके आले. तो वाचला, वाइल्डरने भूमिका दुसऱ्याला दिली. १९६७चा 'कॅसिनो रॉयल' चालू असताना ऑर्सन वेल्सबरोबर एका खोलीत उभं राहायलाही तो तयार नव्हता, आणि काम अर्ध्यावर टाकून निघून गेला. १९६७मध्येच पेग वारली, आणि आईशी आपलं अजून बोलणं होतं असं तो सांगू लागला.

या कथा ऐकून आपण हसतो, कारण त्यांची किंमत आपल्याला मोजावी लागलेली नसते. ज्यांनी मोजली त्यांची बाजू त्याचा मुलगा मायकल याने वडील गेल्यावर लिहून ठेवली. वडिलांच्या नव्याकोऱ्या गाडीवर ओरखडा पडलेला पाहून छोट्या मायकलने तो स्वतःच रंगवून टाकला. बाबा खूश होतील अशी त्याची कल्पना. बाबा असे भडकले, की तो दिवस मुलाच्या मनातून कधी गेला नाही. दुसरा प्रसंगही मायकलच्याच आठवणीतला. सेलर्सने मायकल आणि सारा या मुलांना विचारलं, तुम्हांला आई जास्त आवडते की मी? मायकलने लहान मूल देईल तसं खरं उत्तर दिलं: आई. त्यावर सेलर्सने मुलांना घरातून परत पाठवून दिलं. आपल्याकडे म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. सेलर्सकडे पैसा अमाप होता. त्याला आणता आलं नाही ते बापाचं सोंग. तो गेला तेव्हा मागे सुमारे ४५ लाख पौंडांची मालमत्ता होती, आणि मृत्युपत्राने तिन्ही मुलांना मिळाले प्रत्येकी ८०० पौंड.

इथे येऊन त्याच्या 'मला स्वतःचं व्यक्तिमत्त्व नाही' या दाव्याकडे पाहावं. १९७८च्या 'द मपेट शो'मध्ये केर्मिट नावाचा बाहुला बेडूक त्याला म्हणतो, इथे कसलं दडपण घेऊ नका, अगदी स्वतःसारखे वागा. सेलर्स उत्तर देतो, ते मला कधीच जमणार नाही, कारण 'मी' नावाचं काही नाहीच. होतं पूर्वी, पण शस्त्रक्रिया करून काढून टाकलं. प्रेक्षक हसतात, आणि चरित्रकार हे वाक्य घेऊन गंभीर होतात. रिकामा माणूस, आरसा, कोरी पाटी असे शब्द मग सरसकट वापरले जातात.

माझा याला आक्षेप आहे. ज्याला 'मी' नाही, त्याला गाडीवरच्या ओरखड्याने एवढा राग का यावा? ज्याच्या आत कोणी नाही, त्याला मुलाच्या एका खऱ्या उत्तराने एवढं का लागावं? हेवा, हट्ट, भीती, मालकी, आईची ओढ: यांतलं प्रत्येक टणक, हट्टी, स्पष्ट आकाराचं 'मी'पण आहे. सेलर्सला ते भरपूर होतं. पण 'मी नाहीच' म्हटलं की कोणी जाब विचारू शकत नाही. कोण चिडलं, कोणी मुलांना हाकललं, कोणी नवस केल्यासारखी लग्नं केली आणि मोडली? कोणीच नाही, तिथे होतंच कोण? कलावंताच्या नावावर आपण अशा कितीतरी गोष्टी माफ करत आलो आहोत, त्याच्या प्रतिभेची ती किंमत आहे असं म्हणत आलो आहोत. ती किंमत प्रतिभावंत स्वतःच्या खिशातून देत असता तर माझी तक्रार नव्हती.

आता 'द पार्टी'बद्दल, कारण या माणसाशी भारतीय म्हणून माझा जो हिशेब आहे तो तिथे आहे. त्याआधी, १९६०च्या 'द मिलियनेअरेस'मध्ये सोफिया लॉरेनसमोर तो भारतीय डॉक्टर झाला होता. लॉरेनच्या प्रेमात तो असा बुडाला, की घरी जाऊन बायकोला सांगून मोकळा झाला. त्या दोघांचं 'गुडनेस ग्रेशस मी' हे गाणं इंग्लंडभर वाजलं, आणि मग शाळेच्या मैदानांवर सावळ्या पोरांना चिडवण्यासाठी त्या ढबीचा वापर होऊ लागला. १९६८च्या 'द पार्टी'त तो पुन्हा चेहऱ्याला तपकिरी रंग फासून हृंदी बक्षी झाला. हे रंग फासणं मला टोचतं. भारतीय नटांना दारात उभं करत नसलेल्या हॉलिवूडने भारतीय माणसाचा विनोद गोऱ्या नटाकडून करून घेतला, यात सारवासारव करण्यासारखं काही नाही.

तरीही मी तो चित्रपट कॉलेजच्या दिवसांपासून पुन्हा पुन्हा पाहत आलो आहे, आणि त्याचं कारण बक्षी हा त्या मेजवानीतला एकमेव सभ्य माणूस आहे. चित्रीकरणात गोंधळ घातला म्हणून ज्याचं नाव काळ्या यादीत जायचं, ते चुकून निमंत्रितांच्या यादीत जातं, आणि हा बिचारा नवी ओळख होईल या आशेने एका धनाढ्य स्टुडिओप्रमुखाच्या बंगल्यावर पोचतो. बूट पाण्यात वाहून जातो. कुणी बोलायला तयार नसतं. दुसऱ्यांच्या विनोदावर तो अर्धा क्षण उशिरा हसतो. परक्या घोळक्याच्या कडेला हातात ग्लास घेऊन उभं राहिलेल्या प्रत्येकाला ते हसू ओळखता येईल. हत्तीला रंगवून, त्याच्या अंगावर घोषणा लिहून आणलेलं पाहून तो दुखावतो आणि हत्ती आणणाऱ्या पोरांना शांतपणे सांगतो, की आधी याला धुऊन काढा. एका मुलीला एक निर्माता छळत असतो, तिच्या बाजूने उभा राहणाराही हाच. आणि कुणी तरी संतापून त्याला विचारतं, तू स्वतःला समजतोस कोण? बक्षी ताठ होऊन म्हणतो, भारतात आम्ही समजत बसत नाही, आम्हांला माहीत असतं आम्ही कोण आहोत.

मी कोणीच नाही असं सांगत फिरणारा नट हे वाक्य उच्चारतो, आणि त्याच्या तोंडी ते खोटं वाटत नाही. रंग उसना, ढब थट्टेची, पण त्या क्षणीची मान मात्र खरी आहे. कधी काळी मेसमध्ये, आगगाडीच्या डब्यात, छावणीच्या रस्त्यावर त्याने कुठल्या तरी आपल्या माणसाला असं ताठ होताना पाहिलं असेल आणि तो ताठपणा त्याच्या कानाने टिपला असेल, असं मला वाटतं. म्हणून मी हा चित्रपट फेकून देऊ शकत नाही आणि त्याला पूर्ण माफही करू शकत नाही. ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या कलावंतांनी यावर फार चांगलं उत्तर शोधलं. १९९८ साली संजीव भास्कर, मीरा स्याल आणि त्यांच्या साथीदारांनी बीबीसी टीव्हीवर आपला विनोदी कार्यक्रम आणला आणि त्याला नाव दिलं 'गुडनेस ग्रेशस मी'. ज्या गाण्याने चिडवलं जायचं तेच गाणं त्यांनी आपलं करून टाकलं.

सत्यजित राय यांनाही या कानाचा मोह पडला होता. १९६७च्या सुमारास 'द एलियन' नावाचा चित्रपट त्यांच्या मनात होता: बंगालमधल्या खेड्यातल्या तळ्यात परग्रहावरचं यान उतरतं. त्यातल्या मारवाडी व्यापाऱ्याच्या भूमिकेसाठी राय सेलर्सला पॅरिसमध्ये भेटले, आणि तो हो म्हणाला. पुढे त्याने अंग काढून घेतलं. चित्रपटही कधी झाला नाही. रायांच्या शिस्तीत, त्यांच्या संथ, माणसांवर माया करणाऱ्या कॅमेऱ्यासमोर सेलर्स काय झाला असता, हा विचार मला चुटपुट लावून जातो.

त्याचं थोडं उत्तर 'बीइंग देअर'मध्ये मिळतं. येझी कोसिन्स्कीची ही कादंबरी त्याने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वाचली आणि लेखकाला तार ठोकली: बागेत किंवा बागेबाहेर, मी उपलब्ध आहे, खाली स्वतःचा फोन नंबर. तेव्हा त्याचे दिवस पडते होते, पैसे कुणी लावेना. क्लूझो परत आला, गल्ला भरला, तेव्हा कुठे हॅल अ‍ॅशबीच्या दिग्दर्शनाखाली १९७९मध्ये हा चित्रपट झाला. चान्स नावाचा माळी. वय पन्नाशीचं, एका घराच्या कुंपणाबाहेर कधी पाऊल न टाकलेला, बाग आणि दूरदर्शन यांपलीकडे काही ठाऊक नसलेला. मालक मरतो, चान्स रस्त्यावर येतो आणि योगायोगाने वॉशिंग्टनच्या एका बड्या उद्योगपतीच्या घरी पोचतो. झाडांच्या ऋतूंबद्दल तो जे साधंसुधं बोलतो ते अर्थकारणावरचं भाष्य समजून अमेरिकेचे अध्यक्ष मान डोलावतात. या भूमिकेचा आवाज मिळवण्यासाठी सेलर्स टेपरेकॉर्डर घेऊन बसला. त्याच्या लाडक्या स्टॅन लॉरेलची हलकी सावली त्या आवाजावर आहे.

आयुष्यभर ज्या रिकामेपणाची त्याने जाहिरात केली तो इथे चान्सच्या रूपाने पडद्यावर आला, असं बहुतेक समीक्षक म्हणतात. मला तसं दिसत नाही. चान्स लोकांना का आवडतो, हे नीट पाहिलं पाहिजे. समोरचा बोलत असताना तो मध्ये बोलत नाही. त्याला आपलं काही सिद्ध करायचं नसतं. मरणाच्या दारात टेकलेला म्हातारा उद्योगपती त्याच्याजवळ मन मोकळं करतो, कारण एवढ्या मोठ्या घरात त्याचं पूर्ण ऐकून घेणारा तेवढा एकच असतो. सेलर्सचा चेहरा त्या दृश्यांत जवळजवळ हलत नाही, पण ती नजर ज्याच्यावर पडते त्याला वाटतं, आपण महत्त्वाचे आहोत. अशी नजर रिकाम्या माणसाची नसते. ती द्यायला आत पुष्कळ असावं लागतं. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, पुरस्कार मात्र डस्टिन हॉफमनकडे गेला. श्रेयनामावलीच्या वेळी अ‍ॅशबीने सेलर्सच्या फसलेल्या टेकचे तुकडे दाखवले, याचं त्याला फार दुःख झालं. प्रेक्षकाने चान्सबरोबर घरी जावं, चान्स करणाऱ्या नटाबरोबर नव्हे, अशी त्याची इच्छा होती.

म्हणजे त्याच्याजवळ सगळं होतं. हसणाऱ्या कामगारांच्या आयुष्यातला काइट ओळखणारी दृष्टी होती, फोनच्या पलीकडचा न दिसणारा माणूस ऐकू येणारा कान होता, चान्सची ती नजर होती. हे सगळं तो कॅमेऱ्यासमोर उधळत राहिला आणि कॅमेरा थांबला की मूठ झाकून घेत राहिला. हळहळ वाटते ती यामुळे. रिकाम्या घरापुढे उभं राहून कोणी रडत नाही. भरलेल्या घराने दार लावून घेतलं तरच जीव तुटतो. आणि म्हणून त्याच्या मुलांनी जे सांगितलं ते वाचल्यावर त्याचे चित्रपट पाहू नयेत असं मला वाटत नाही. उलट ते अधिक बारकाईने पाहावेसे वाटतात. परक्यांना एवढं समजून घेणं माणसाला शक्य आहे याचा तो पुरावा आहे, आणि तेवढं समजणाऱ्यालाही जवळची माणसं आपोआप समजत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागतात, याचाही.

२२ जुलै १९८० रोजी लंडनच्या डॉर्चेस्टर हॉटेलात तो कोसळला आणि २४ तारखेला मिडलसेक्स रुग्णालयात गेला. वय अवघं ५४. त्याच सुमाराला मिलिगन आणि सेकंब यांच्याबरोबर जेवायचं ठरलं होतं. ते दोघे त्याला भेटले ते गोल्डर्स ग्रीनच्या स्मशानभूमीत. तिथे अंत्यविधीत अचानक ग्लेन मिलरची 'इन द मूड' ही नाचाची धून वाजू लागली. ती धून सेलर्सला मुळीच आवडत नसे, मित्रांना हे पक्कं ठाऊक होतं, आणि त्याने ती मुद्दाम वाजवायला सांगून ठेवली होती असं म्हणतात.

त्याचं 'मी'पण सिद्ध करायला मला हा एक विनोद पुरेसा वाटतो. हा विनोद कळण्यासाठी समोरच्यांना सेलर्सचा राग-लोभ माहीत असावा लागतो, कुठल्या सुरांवर तो नाक मुरडायचा हे माहीत असावं लागतं. ज्याच्या आत कोणी नाही, त्याच्या आवडीनिवडी कोण लक्षात ठेवणार? काइट, क्लूझो, बक्षी, चान्स यांतल्या कुणालाही हा विनोद करता आला नसता. तो फक्त पीटर सेलर्सलाच करता येत होता, कारण पीटर सेलर्स होता, आणि त्या दिवशी तिथे जमलेली माणसं त्याला ओळखत होती.